कॉम्प्युटरवर कोसरू

रुख्मिणीनं आयुष्यात कुणालाच नुसते किलोभर टोमॅटो दिले नव्हते. काटा बरोबर आला की वरून दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर एखादं लिंबू. आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाजीबाजारात, या वरच्या भरीला कोसरू म्हणतात. बाया ते तोंडानं मागतात. साहेब लोक तोंडानं मागत नाहीत, पण माल घेऊन झाल्यावरही पिशवी उघडी धरून उभे राहतात, आणि विकणाऱ्याला काय ते समजतं. रुख्मिणीचा हात देताना आखडत नव्हता, तसा घेतानाही आखडत नव्हता. चपला घेतल्या तर पॉलिशची डबी, बांगड्या घेतल्या तर वरून एक बांगडी. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तेव्हा तिनं सहाव्या दिवसाचीही मागितली होती, आणि हे तिच्या लेकीला, उत्कर्षाला, काही केल्या विसरता येत नव्हतं.

म्हणून शनिवारी सकाळी तलमडुगूकडून आदिलाबादला येणाऱ्या बसमध्ये जागा मिळाल्या मिळाल्या उत्कर्षानं आईचा हात धरला.

"आई, कॉम्प्युटरच्या दुकानात कोसरू मागायचं नाई. माह्या गळ्याची शपथ घे."

"अशा गोष्टीची कोनी शपथ घेते का वं?"

"घे पह्यले."

घेतली बिचारीनं. नाही घेतली असती तर पोरीनं पुढच्याच फाट्यावर उतरवून दिलं असतं.

आजचा दिवस होताच तसा. उत्कर्षानं पॉलिटेक्निक केलं होतं, आणि घराच्या आतली चित्रं कॉम्प्युटरवर काढण्यात तिचा हात चांगला बसला होता. ओटा कुठं, कपाट कुठं, उजेड कुठून येणार, सगळं खऱ्यासारखं. त्या कामासाठी ती हैदराबादला सहा महिने राहून आली. हॉस्टेलचं पाणी मानवलं नाही, एकटेपण तर त्याहून नाही. परत आली तेव्हा रुख्मिणीला पोरीच्या मनगटात आपल्या दोन बोटांचा वेढा सहज घालता आला होता. आता नागपूरची एक कंपनी घरी बसून काम द्यायला तयार होती. अट एकच, कॉम्प्युटर तिचा स्वतःचा आणि दमदार हवा. सोमवारी सकाळी दहा वाजता परीक्षा. परीक्षा चुकली तर पुन्हा हैदराबादची बॅग भरायची, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. पोरीनं जवळ राहावं असं रुख्मिणीला इतकं वाटत होतं, की त्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती.

यंदा वांग्यांनी हात दिला होता. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, सुटे भाग घेऊन घरी जोडला तर त्याच पैशांत वरचढ होतो, हे उत्कर्षानं तीन आठवडे मोबाइलवर पाहून पाहून पाठ केलं होतं. मेथीच्या जुड्या बांधताना ती आईला एकेक भाग समजावून सांगायची. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे वावर, बाकी सगळं त्यात लावायचं. "अन रॅम?" "रॅम म्हणजे आपला बाजारातला ओटा. जितका मोठा, तितका माल एका टायमाले मांडता येते." हे रुख्मिणीला एकदम पटलं. तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, ती शेजारणींना सांगत सुटली होती की आमच्या पोरीला सोळाची रॅम लागते, आठमध्ये भागत नाही.

देवानंदचं कॉम्प्युटरचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. रुख्मिणी ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि तिच्या हातात नेहमीची भाजीची पिशवी होती. वांग्याचा, गवारीचा वानवळा त्यात होता, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं. उत्कर्षानं वही उघडली. देवानंद एकेक डबा काढून काउंटरवर ठेवू लागला आणि दोघी मायलेकी पुढं वाकल्या. डब्यांवरची रंगीत चित्रं, आतली चंदेरी पिशवी, तिचा करकर आवाज, सगळ्यावरून रुख्मिणीला लग्नाच्या बस्त्याची आठवण झाली. सोळाची रॅम हातात आली तेव्हा मात्र ती चमकली.

"हेच का ते? याले तं वजनच नाई."

"काकू, यात वजन नसते पाहत," देवानंद म्हणाला.

"मंग कशात असते?"

देवानंद हसला आणि त्यानं विजेचे दोन डबे पुढं ठेवले. पॉवर सप्लाय. दोन्हींवर सारखेच आकडे, किमतीत थोडा फरक. उत्कर्षा आकडे वाचत राहिली. रुख्मिणीनं एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या हातात, डोळे मिटले आणि दोन्ही हात जरासे खालीवर केले. तीस वर्षं ती भोपळा असाच निवडत आली होती.

"हा घे. तो पोकळ हाये."

"काकूनं बरोबर धरला," देवानंद म्हणाला. "हलक्या डब्यात मालच कमी भरते कंपनी. याले वायरीही जास्त हायेत."

उत्कर्षानं आईकडं पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं, आणि रुख्मिणीची छाती फुगली. तिथंच थांबली असती तर रुख्मिणी कसली? पुढच्या प्रत्येक डब्याला तिनं हात घातला, मदरबोर्डाचा भाव दोनदा पाडून मागितला, आणि कॅबिनेटची काच टिचकी मारून पाहिली. मागं दोन कॉलेजची पोरं उभी होती, ती गालात हसू लागली. उत्कर्षाचे कान लाल झाले.

नेमकं तेव्हाच प्रोसेसर आला. वहीतला नव्हताच दुकानात. देवानंदनं दुसरा डबा काढला. "हा याच्याच भावकीतला हाये. ताकद तेवढीच, थोडा सस्ता पडते."

"सस्ता काऊन?" रुख्मिणीनं लगेच विचारलं. बाजारात उगाच कुणी सस्तं देत नाही. दिलं तर माल कालचा असतो.

देवानंद सांगायला तोंड उघडणार, तोच उत्कर्षा घाईघाईनं म्हणाली, "आई, बस झालं आता. चालते हा. भाऊ, बिल करा." आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोठा खोका उचलून ती ऑटो पाहायला बाहेर निघून गेली.

मायलेकींपैकी दुकानात आता रुख्मिणी उरली. पैसे दिले. बिल झालं. वानवळ्याची वांगी तिनं काउंटरवर काढून ठेवली. आता जायला हवं होतं. पण पाय निघेना. एवढी मोठी खरेदी, आणि वरून काहीच नाही? लोक काय म्हणतील, असंही नाही. तिचं तिलाच ओकंओकं वाटत होतं. शपथ तर घेतलेली, तीही पोरीच्या गळ्याची. रुख्मिणीनं क्षणभर विचार केला. शपथ होती ती मागायचं नाही अशी. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. फक्त भाजीची पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरली आणि उभी राहिली.

देवानंदही आदिलाबादचाच. त्यानं पिशवीकडं पाहिलं, वांग्यांकडं पाहिलं, आणि काउंटरखालून जुन्या सामानाचा एक खोका वर घेतला. "लोकांच्या जुन्या मशिनीतलं हाये हे. काढा यातलं एक. गॅरंटी नाई पण."

रुख्मिणीनं सगळं चाचपलं. माउस हलके, वायरी हलक्या. तळाशी एक विटेएवढी वस्तू होती, दोन पंखे बसवलेली, धुळीनं माखलेली. हातात घेतली तर चांगली जड. तिनं तीच घेतली.

"तुमाले यातलं समजते वाट्टे, काकू."

"वजन समजते."

"मंग झालं तुमचं काम," देवानंद म्हणाला. "उद्या दुकान बंद हाये बरं का. बेल्लमपल्लीले साखरपुडा हाये घरचा. काई लागलं तं सोमवारी अकराच्या पुढं या."

रुख्मिणीनं ती वस्तू पेपरात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी गवारीखाली दडवली आणि ऑटोत जाऊन अगदी साळसूद चेहऱ्यानं बसली.

रविवारी सकाळी घरात कार्य असल्यासारखी लगबग होती. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. उत्कर्षा मधोमध बसली. रुख्मिणी वाटीतून स्क्रू काढून देई, आणि बाबाराव, म्हणजे उत्कर्षाचे वडील, मोबाइलचा उजेड धरून उभे होते. त्यांना तेवढंच काम दिलं होतं आणि त्यातही ते दोनदा बोलणी खाऊन बसले. प्रोसेसर आपल्या जागी अलगद बसला, त्यावर पंखा चढला, रॅमची पट्टी कट्ट आवाज करून रुतली. तो कट्ट आवाज रुख्मिणीला इतका आवडला की दुसरी पट्टी तिनं स्वतः दाबली. दुपारच्या जेवणाआधी सगळं जोडून झालं. बाबारावांनी नारळ फोडला. उत्कर्षानं डोळे मिटून बटण दाबलं.

पंखे फिरले. आत निळा दिवा लागला. बाबारावांनी टाळी वाजवली. पडदा मात्र काळाच राहिला.

उत्कर्षानं वायर काढून लावली. रॅम काढून लावली. तासभर हे चाललं, आणि मग तिनं प्रोसेसरचा रिकामा डबा हातात घेऊन त्याच्या बाजूचं बारीक अक्षर वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायलाच लागली.

"काय झालं? सांगशील का नाई?"

"माही चूक हाये," ती म्हणाली. "वहीतला प्रोसेसर पडद्यावर चित्र दाखवायचं काम सोताच करते. हा नाई करत. म्हणूनच सस्ता होता. तू इचारलं होतं, सस्ता काऊन. म्याच तुले गप बसवलं."

"मंग आता?"

"अलग कार्ड लागते. आज दुकान बंद, तूच सांगतलं काल. उद्या अकराले उघडन, अन परीक्षा दहाले." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "जाऊ दे. जातो हैदराबादले."

रुख्मिणी तिच्यासमोर येऊन बसली. तिनं विचारलं, "कसं असते ते कार्ड?"

"असते विटेएवढं. त्याले पंखे असतात."

रुख्मिणीची नजर स्वयंपाकघराकडं गेली. बाबारावांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग त्यांचा मोबाइल आपोआप तिच्याच तोंडावर उजेड पाडू लागला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, गवार परातीत ओतली आणि पेपरची गुंडाळी घेऊन आली.

"म्या मागलं नाई," ती म्हणाली. "तुह्या गळ्याची आण, एक शब्द नाई काढला तोंडातून. नुसती पिशवी उघडून उभी राह्यली होती."

उत्कर्षानं पेपर सोडला. त्या धुळकट वस्तूचे दोन पंखे तिनं बोटानं फिरवून पाहिले. मग रडता रडताच हसायला लागली आणि तिला ते आवरेना.

"आई, तुले कसं माहीत, हेच घ्यायचं?"

"सगळ्यात जड होतं."

बाबारावांच्या दाढीचा ब्रश त्या दिवशी कामी आला. धूळ झाडली, कार्ड खोबणीत बसवलं. त्याला वेगळी वीज लागत होती. ती वायर विजेच्या हलक्या डब्यात मिळाली नसती, रुख्मिणीनं निवडलेल्या जड डब्यात होती. या वेळी नारळ नव्हता. उत्कर्षानं आईचं बोट धरून बटणावर ठेवलं.

जुने पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरले आणि पडदा उजळला. बाबाराव म्हणाले, "आला, आला." आपल्या घरात, आपल्या बोटानं आलेला तो उजेड पाहून रुख्मिणीला इतका आनंद झाला की तिनं उरलेलं सगळं खोबरं साखर घालून वाटून टाकलं. संध्याकाळपर्यंत उत्कर्षानं लागतील ते सगळे प्रोग्राम भरून घेतले.

सोमवारी बाजारात बाबाराव गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा रुख्मिणीचा ओटा तिच्याशिवाय मांडला गेला. ती दाराआड पालक निवडत बसली, म्हणजे एकच जुडी चारदा निवडली. आत पंखे घरघरत होते. तीन तास पोरगी एका स्वयंपाकघराचं चित्र काढत होती. मग पडद्यावर नागपूरची बाई आली आणि हिंदीत बोलू लागली. ओट्याची उंची बरोबर घेतली म्हणाली, उजेड चांगला पकडलाय म्हणाली. एक तारखेपासून काम सुरू करा, घरूनच करा. पगाराचा आकडा सांगितला.

रुख्मिणीच्या हातातला पालक तसाच राहिला. आकडा चांगला होता. आता पोरगी हो म्हणेल, धन्यवाद म्हणेल, आणि झालं.

पण उत्कर्षा लगेच काही बोलली नाही. मांडीवर हात ठेवून, हसऱ्या चेहऱ्यानं, ती पडद्याकडं नुसती पाहत बसली. दोन क्षण गेले, चार गेले. पलीकडच्या बाईनं कागद चाळला, घसा साफ केला.

"और हाँ," ती म्हणाली, "इंटरनेट का बिल अलग से, वो भी हम देंगे."

उत्कर्षानं मान डोलावून आभार मानले. पडदा बंद केल्यावर तिनं वळून दाराकडं पाहिलं. रुख्मिणी पालकाची जुडी छातीशी धरून उभी होती, आणि तिला रडू येत होतं का हसू, ते तिलाच कळत नव्हतं.

"म्या काई मागलं नाई, आई," उत्कर्षा म्हणाली.

"पाह्यलं म्या," रुख्मिणी म्हणाली. "पिशवी उघडी धरून बसली होती."