शेवटची फाक

आमच्या कारखान्यात पृथ्वी बारा फाकांची असते. छापील कागदाच्या फाका, दोन्ही टोकांना निमुळत्या. खळ लावायची आणि पुठ्ठ्याच्या गोळ्यावर एकीशेजारी एक बसवायची. अकरा मी चिकटवते. बारावी माझे धाकटे दीर, कारण ते मालक आणि शेवटचा हात मालकाचा.

खळीत भिजला की कागद फुगतो. गोळा फुगत नाही. मग बारावीला जागा पुरत नाही आणि ती शेजारणीच्या, म्हणजे पहिलीच्या अंगावर चढते. हा सांधा भाऊजी नेहमी महासागरात घ्यायला लावतात. "तिथं कोण राहतंय?" म्हणतात.

तिथं माझी लेक राहते. बेटावर. नातीला मी हौसेनं पृथ्वीचा गोल पाठवला, तर पोर फोनवर रडायला लागली. "आजी, तुझ्या पृथ्वीवर आमचं घरच नाही. वर्गातली सगळी हसली."

मी भाऊजींना म्हटलं, सांधा हलवा.

"अहो वहिनी, ठिपक्याएवढं बेट ते! गिऱ्हाईक जमीन बघतं, पाणी नाही."

"त्या ठिपक्यात माणसं आहेत."

"मग कुठं नेऊ सांधा? कुणीतरी दबणारच."

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच डोकं फिरलं. कुणीतरी दबणारच, हे कायम न दबलेलाच सांगतो.

पुढच्या गोळ्याला मी आमच्या समुद्रकाठच्या शहराच्या फाकेपासून सुरुवात केली. भाऊजींनी सवयीनं शेवटची दाबली, फडक्यानं पुसली आणि थबकले.

"वहिनी, आपलं शहर कुठं गेलं?"

"खाली आहे की. ठिपक्याएवढं तर होतं."

"ही काय थट्टा झाली? गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल!"

"माझ्या नातीनं नाही फेकला. नुसती रडली."

ते नखानं सांधा खरवडत राहिले. शहर काही वर येईना. शेवटी म्हणाले, "बोला, काय करू?"

"खळ ओली आहे तोवर सगळ्या सोला. प्रत्येक फाक केसभर शेजारणीवर घ्या. बाराही सांध्यांत."

"म्हणजे जगभर चूक दिसणार. नद्या तुटतील, रस्ते तुटतील."

"आहे तर दिसू दे. लपवली की एकाच्याच डोक्यावर बसते."

कुरकुरत का होईना, त्यांनी बाही वर सारली. तो गोल मी नातीला पाठवला.

"आजी, घर सापडलं! पण किनारा जरासा कापलाय गं."

"आमचाही कापलाय," मी म्हटलं. "बघ शोधून."