जिंजरब्रेडचं घर आणि सासरेबुवांचा एप्रन

उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेल्या सासऱ्यांनी चहापुरताही कधी गॅस पेटवला नव्हता. त्यामुळे सुट्टीच्या सकाळी ते एप्रन बांधून ओट्यापाशी आले आणि आज सगळ्यांनी मिळून जिंजरब्रेडचं, म्हणजे आल्याच्या बिस्किटांचं, घर करायचं म्हणाले, तेव्हा सुनेच्या मनात पाल चुकचुकली. एप्रन धुऊन धुऊन मऊ झालेला होता, आणि तो या घरातला नक्कीच नव्हता.

नवऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. तो आयसिंगसाठी अंड्याचा पांढरा बलक साखरेत फेसायला बसला, लेक भिंतींचे कागदी साचे कापू लागली. सासऱ्यांनी आल्याची पूड, दालचिनी, मध घालून पीठ मळलं आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. गार झाल्याशिवाय लाटलं तर भिंती वाकड्या होतात, असंही वर ऐकवलं.

कुणाकडून शिकलात, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. “असंच, बघून बघून,” ते म्हणाले. कुणाला बघून ते त्यांनी सांगितलं नाही. लेक मात्र फिसकन हसली आणि खाली मान घालून कात्री चालवू लागली.

आता सुनेला एकेक गोष्ट आठवायला लागली. संध्याकाळच्या फेरफटक्याला इस्त्रीचा शर्ट. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना खिशात बिस्किटांचा चुरा. तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तर तुला उठसूट संशय येतो म्हणून त्याने तिलाच उडवून लावलं.

भाजलेल्या भिंती आयसिंगने चिकटवल्यावर ते घट्ट होईपर्यंत प्रत्येकाला एकेक भिंत धरून बसणं भाग होतं. कुणालाच उठून जाता येईना. तिने नेमकी तीच वेळ साधली.

“बाबा, आज कोण येणार आहे?”

सासऱ्यांनी घसा खाकरला. “कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई. चहाला.” मग भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, “आम्ही लग्न करायचं म्हणतोय.”

नवऱ्याच्या हातातली भिंत आडवी झाली.

“मला माहीत होतं,” लेक म्हणाली.

ते मात्र सुनेला लागलं. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांच्या गोळ्यांपासून चष्म्यापर्यंत सगळं तिने पाहिलं होतं, आणि एवढी गोष्ट त्यांनी शाळकरी पोरीला सांगावी?

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझीच तर धास्ती होती,” सासरे म्हणाले. “मुलगा नाही म्हणाला असता, तर भांडलो असतो. तू नाही म्हणाली असतीस, तर माझा पाय पुढे पडला नसता.”

आडवी झालेली भिंत तिने उचलली, कडेला नवं आयसिंग लावलं आणि दाबून धरली.

बाई आल्या त्या हसतमुखाने. घराला छान म्हणाल्या. कललेल्या छपराबद्दल चकार शब्द काढला नाही. सुनेने खुर्ची पुढे केली, चहा दिला आणि त्या सासऱ्यांना कपात साखर घालू देतात की काय, यावर डोळा ठेवला. बाईंनी साखरेचं भांडं स्वतःच लांब सरकवलं.

तेवढ्यावर सुनेचं समाधान झालं नाही.

“एकदा तुमचं घर बघायला येईन म्हणते,” ती म्हणाली. “न कळवता.”

“या की,” बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला.