आतल्या नळीवरची तारीख

लाखाची सायकल घेतली की सोबत अक्कल फुकट येते, असा रोह्याच्या कंपनीतल्या साहेबलोकांचा समज आहे. रविवारी पहाटे घट्ट चड्ड्या घालून निघतात, कोलाडला मिसळ हाणतात, चार फोटो काढतात आणि सोमवारी मला फोन करतात, सस्पेन्शन बरोबर काम करत नाही. पुढच्या चाकाचे धक्के खाणाऱ्या त्या नळ्यांच्या जोडीला आम्ही शॉकर म्हणतो. पोट सुटलेला माणूस दगडांवरून उतरताना दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबतो आणि खापर शॉकरवर फोडतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

मी पुंडलिक म्हात्रे, मूळचा गडबचा. पेणला हायवेवर माझं गॅरेज आहे. मोटारसायकलींचे शॉकर दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली. मग एक साहेब डोंगरात चालवायची सायकल घेऊन आला. मोठ्या दुकानाने त्याला सांगितलं होतं, हा शॉकर दुरुस्त होत नाही, नवीन घ्या. मी उघडला, सील बदललं, तेल भरलं, दिला. तेव्हापासून या पट्ट्यात सायकलीचा शॉकर उघडणारा मी एकटाच. बाकीचे तो बाहेरून फडक्याने पुसतात आणि त्याला सर्व्हिसिंग म्हणतात.

माझ्या दोन पद्धती आहेत. शॉकर बंद करण्याआधी आतल्या नळीवर टोच्याने नाव कोरायचं, पुं. म्हा., आणि खाली महिना-वर्ष. बाहेरून ते दिसत नाही. पण उद्या दुसऱ्या कुणी हात घातला आणि पुंडलिकने वाट लावली म्हणून बोंब मारली, तर उघडून दाखवता येतं. दुसरी पद्धत, काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मी प्रत्येकाला सांगतो, "जो जुना पार्ट देत नाय, त्याच्या दुकानाची पायरी परत चढू नका."

जानेवारीतल्या एका बुधवारी शीरा रोहेकर आली. रोह्याची पोरगी, कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला असते. हे ज्यू लोक, यांचं बहुतेक गणगोत इस्रायलला गेलं. रोह्यात बाप एलियाह आणि ही, दोघंच उरलेत. माझ्या गिऱ्हाइकांत खरी सायकल चालवणारी ही एकटी, पण ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. शॉकर सायकलीवरून उतरवून, जुन्या चादरीत गुंडाळून ती रोह्याहून गाडीने आली होती. दुकानात तेव्हा हर्षद साहेब बसले होते. हे कंपनीतले इंजिनियर, आणि ब्रेक मऊ लागतो ही त्यांची बारमाही तक्रार.

तिने चादर सोडली. दोन्ही चकचकीत नळ्यांवर तेलाचं कडं होतं आणि उजव्या नळीवर नखाला लागेल असा उभा ओरखडा.

"दाबला तर अडकतो, आणि तेल सोडतो," ती म्हणाली. "रविवारी कोलाडच्या डोंगरात निवड हाय, काका. राज्याच्या संघाची. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाय."

"प्रेशरच्या पाण्याने धुतलीस."

"नाय धुतली."

"सगळे नायच म्हणतात. उघडला व्हतास काय?"

"व्हय. व्हिडिओ बघून. आत काय झालंय ते बघितलं आणि तसाच बंद केला."

मला तेवढंच हवं होतं. व्हिडिओ बघून शॉकर उघडणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. चार पाने हातात आले की यांना वाटतं आपण मेकॅनिक.

"अगो, मिक्सर उघडून बिघडवलास तर चटणी वाटायची राहते," मी म्हणालो. "ह्यो बिघडवलास तर दरीत जाशील. उद्या व्हिडिओ बघून घरीच आपेंडिक्स काढशील. वाट लावायची तुम्ही आणि निस्तरायचं पुंडलिकने."

हर्षद साहेब खो खो हसले. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी शॉकरमध्ये गाडीचं इंजिन ऑइल ओतलं होतं.

शीरा माझ्याकडे नुसती बघत राहिली, मी आणखी काही सांगेन याची वाट बघत असल्यासारखी. मला वाटलं, खजील झाली.

मग तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. आत नवीन सीलांची जोडी होती. तिची दीनाआत्या महिन्यापूर्वी तिकडून आली, तेव्हा बॅगेत खजुरांबरोबर घेऊन आली होती. या मापाचं सील इथे कुठेच मिळत नाही. मागवलं तर दीड महिना वाट बघा, आणि एवढं करून चुकीच्या मापाचं येतं. म्हणजे जोडी एकच होती आणि चुकायला जागा नव्हती.

"शुक्रवारी दुपारी न्यायला येते," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं हाय. शनिवारी आम्ही हात लावत नाय कशाला, तुम्हाला ठाऊकच हाय."

गुरुवारी दुपारी मी शॉकर उघडला. खालचे पाय, म्हणजे बाहेरच्या जाड नळ्या, ओढून काढले, सीलाखाली बोट घातलं आणि बोट निळं झालं.

सायकलीच्या सीलाला लावायचं ग्रीस पांढरट असतं. हे निळं ग्रीस मोटारसायकलच्या चाकाच्या बेअरिंगचं. त्याचा डबा माझ्या फळीवर, डाव्या हाताला, कायम असतो. लॅबमधल्या पोरीकडे तो कुठून येणार? तरीही मी आतली नळी बाहेर काढून पुसली. पुं. म्हा. खाली मागच्या वर्षीचा जानेवारी.

आठवायला वेळ लागला नाही. तेव्हा पांढरं ग्रीस संपलं होतं आणि मागवायचा कंटाळा केला होता. ग्रीस ते ग्रीस, म्हणून निळं लावलं. त्याने हे रबर फुगतं हे मला तेव्हाही माहीत होतं. फुगलेलं सील नळी आवळतं, मग फाटतं, मग धूळ आत जाते आणि नळी ओरखडते. पोरीने पाणी मारलं नव्हतं आणि काही बिघडवलंही नव्हतं.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्या लाजेपोटी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. ओरखडा साफ केला, माझ्या लेकीची, पिंकीची, बिनरंगी नेलपेंट आणून त्यात थेंब थेंब भरली, सुकू दिली, बारीक पॉलिश पेपरने इतकी सपाट केली की नख फिरवलं तरी कळेना. दीनाआत्याची सीलं बसवली, योग्य ग्रीस लावलं, तेल मापाने भरलं. शॉकर लोण्यासारखा सरकत होता.

पण त्या सगळ्याच्या आधी, नळी पुन्हा आत जाण्यापूर्वी, मी पॉलिश पेपरचा एक तुकडा घेतला आणि मागच्या वर्षीची तारीख घासून काढली. दोन मिनिटं लागली. त्या जागी नवीन तारीख कोरली. निळी सीलं माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली नाहीत, समोरच्या चहाच्या टपरीमागे टाकून आलो. लाजेपेक्षा हर्षद साहेबासमोर तोंडघशी पडायची भीती मोठी निघाली. ज्या माणसाला मी कवडीची किंमत देत नाही, त्याच्यासमोर.

शुक्रवारी दोन वाजता शीरा आली. दुकानात तिच्या-माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तिने शॉकर जमिनीला टेकवून चार वेळा दाबला, डोळे मिटून पाचव्यांदा दाबला.

"मस्त झालाय, काका."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "परत पाणी मारू नको."

ती चादर गुंडाळायला लागली. मग थांबली. "जुनी सीलं देता?"

"टाकली."

"तुम्ही टाकत नाय कधी."

"दुकानात पसारा झाला व्हता."

"निळं ग्रीस व्हतं ना त्यांना?"

"मला काय ठाऊक? तू उघडला व्हतास. तू काय लावलंस ते तुला ठाऊक."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. समोरच्याच्या चुका तीस वर्षं चारचौघांत ओरडून सांगितल्या, आणि स्वतःची निघाली तेव्हा ती एका पोरीच्या अंगावर ढकलली.

शीरा चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आतलं नाव वाचलं व्हतं मी," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडेच आणला. म्हटलं, काका बघतील आणि सांगतील." मग तिने घड्याळ बघितलं. "गाडीची वेळ झाली."

रविवारी तिची निवड झाली. मला ते तिने कळवलं नाही, हर्षद साहेबांच्या मोबाइलवर फोटो बघितला. चिखलाने भरलेली सायकल, माझा शॉकर आणि वर ती. साहेब म्हणाले, उतारावर तिला कोणी गाठू शकलं नाही.

त्यानंतर रोह्याच्या सायकली येणं कमी झालं. मी म्हटलं, हौस फिटली असेल या लोकांची, धूळ खात पडल्या असतील गच्चीवर. नोव्हेंबरात हर्षद साहेब पुन्हा आले. कासूजवळ रिक्षाला धडकून त्यांच्या शॉकरचा पाय वाकला होता. वाकलेला पाय काढायला मी शॉकर पूर्ण उघडला.

आतली नळी स्वच्छ होती. तेल बरोबर मापाचं, सीलाला पांढरं ग्रीस, तेही लागतं तेवढंच. नळीवर माझं दोन वर्षांपूर्वीचं नाव होतं, पुं. म्हा. त्याच्या खाली बारीक, सरळ अक्षरांत, शी. रो. आणि या वर्षीचा मे. माझ्या नावाला तिने ओरखडासुद्धा लावला नव्हता.

मी नळी उजेडात धरून तीनदा फिरवली. एखादी चूक सापडली असती तर जीव शांत झाला असता.

"शीराने केलाय," हर्षद साहेब म्हणाले. "आता आमचे सगळ्यांचे शॉकर तीच करते, रविवारी घरी. जुने पार्टसुद्धा पिशवीत घालून देते, तुमच्यासारखी. हा वाकडा पाय तेवढा तिच्याने होईना, म्हणाली काकांकडे न्या."

"माझ्याबद्दल काय बोलते?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चांगलंच बोलते की. मी म्हटलं, पुंडलिकशेठचं काम कसं वाटतं तुला? तर म्हणाली, त्यांचं काम मी आतून बघितलंय."

साहेबांना ती स्तुती वाटली होती. मी टोच्या घेतला आणि तिच्या नावाखाली किती जागा उरली आहे ते बघत बसलो.