साठ नंबरची बाई

फाउंडेशनच्या ऑफिसात शिरलं की समोरच मोठ्या साहेबांचा फोटो. साहेब हसतायत आणि त्यांच्यामागे वॉचमन, सफाईवाल्या, लिफ्टवाले ओळीने उभे. हे सगळे साहेबांनीच ठिकठिकाणी पुरवलेले. माणसं पुरवणं हा साहेबांचा धंदा. अकरा महिने झाले की माणूस काढायचा आणि चार दिवसांनी तोच नवा म्हणून घ्यायचा. त्यामुळे त्यांच्याकडे तीस वर्षांत कोणी जुना झालाच नाही. या धंद्यात जे उरलं त्यातून साहेबांनी फाउंडेशन काढलं. काम आणि मनुष्यबळ या विषयावरच्या संशोधनाला ते पैसे देतं. आधी माणसाचा पाय मोडायचा आणि मग कुबड्यांवर ग्रंथ छापायचा, असला हा प्रकार. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? नऊ वर्षं माझ्या घरची चूल त्याच ग्रंथांवर पेटली.

माझं काम फॉर्म भरून घेण्याचं. कागदोपत्री आम्हाला ‘अभ्यास-सहकारी’ म्हणतात. प्रत्यक्षात एक पिशवी, एक पॅड, तीन पेनं आणि लोकांचे जिने. दार वाजवायचं, हसायचं आणि सतरा पानांत पसरलेले अठ्ठेचाळीस प्रश्न विचारायचे. फॉर्म पुरा झाला तर मोबदला. माणूस सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला ‘दूध उतू जातंय’ म्हणून उठला आणि परत आलाच नाही, तर पायपीट आपली. प्रकल्प संपला की आम्हीही संपलो. पुढचा निघाला की पुन्हा बोलावणं.

आमच्यातले सर्वांत वयस्क टोपीकाका. बंद पडलेल्या कारखान्यात हजेरी-कारकून होते. बारा महिने मानेवर झालर असलेली टोपी घालायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “डोक्यावर छप्पर हवं माणसाच्या. दुसरं कोणी दिलं नाही, म्हणून हे.” मला भिंगरी हे नाव त्यांनीच पाडलेलं. पायाला असते ती भिंगरी.

त्या वर्षीचा अभ्यास होता ‘असुरक्षित काम’. प्रशिक्षणाच्या दिवशी डायरेक्टर मॅडमनी फळ्यावर व्याख्या लिहिली. ज्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, ज्याला रजा नाही आणि उद्या काम असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस. अशा साठ जणांना प्रत्येकीने, प्रत्येकाने गाठायचं. टोपीकाकांनी हात वर केला.

“मॅडम, असा माणूस शोधायला बाहेर कशाला जायचं?”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग पुढचा मुद्दा घेतला.

त्याच हंगामात माझा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, “जिने बंद. सहा आठवडे पाय वर ठेवायचा.”

“आणि काम?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी गुडघ्याचा डॉक्टर आहे.”

नेमकी तेव्हाच ऑफिसात समन्वयकाची जागा रिकामी होती. बसून करायचं काम, नेमणूकपत्र, भरपगारी रजा. मॅडम म्हणाल्या होत्या, ज्याचं काम सर्वांत चोख त्याला जागा. दुसऱ्या कुणासाठी ती बढती असेल. माझ्यासाठी तो गुडघा होता. ही जागा मिळाली तर मी चालत राहणार, नाही मिळाली तर वर्षभरात बसणार, आणि तेही घरी. एवढा सरळ हिशेब.

शुक्रवारी पाचपर्यंत साठ फॉर्म द्यायचे होते. एकोणसाठ झाले होते. साठावी होती एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करणारी बाई. तिने बाराची वेळ दिली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीला आई आठवत वर पोचले, तर दाराला कुलूप. शेजारीण डोकावली.

“तिला आत्ता बोलावणं आलं हो. दुसरी आली नाही म्हणून. आता अंधार पडल्यावरच यायची ती.”

मी जिन्याच्या वळणावर बसले. म्हणजे बसले कसली, घसरले. पाय दुमडेना.

आमच्यात घरबसल्या फॉर्म शिजवणारे होते. एकाच माणसाच्या चार शाळा, चार बायका करून चार फॉर्म वाढायचे. मी नऊ वर्षांत एक शिजवला नाही. त्या दिवशीही नाही. मी कोरा फॉर्म काढला. त्यावर नाव-पत्ता नसतो, नुसता नंबर. पहिला प्रश्न वाचला. तो कोणाला तरी विचारायचाच होता. समोर मी होते, मला विचारला.

मुख्य काम कोणतं? दारोदार फिरण्याचं. नेमणूकपत्र आहे का? नाही. गेल्या वर्षी आजारपणामुळे किती दिवस काम करता आलं नाही? एकही नाही. आजारी असताना किती दिवस काम केलं, हा प्रश्न तुमच्या फॉर्मात नाही. कामाच्या ठिकाणी आदराने वागवतात का? हो, सगळे अहो-जाहो करतात. अहो-जाहो करूनच उंबऱ्याबाहेर उभं ठेवतात.

शेवटचा प्रश्न, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ खाली चार ओळी. लोक तिथे म्हणतात, “काय सांगणार, चाललंय.” मी चार ओळी भरल्या, समास भरला, पान उलटून मागची बाजूही भरली. मी रोज चाळीस दारं वाजवते. आत माणूस आहे हे बाहेरच्या चपलांवरून कळतं, तरी दार उघडत नाही. मला राग येत नाही. मी आत असते तर मीही उघडलं नसतं. पण माझ्या पायाला हे समजावता येत नाही. आणि शेवटी लिहिलं की मला मोठी व्हायचं नाही, मला कुठेतरी जुनी व्हायचंय.

पावणेपाचला फॉर्म दिला. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

दोन महिन्यांनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर साठ नंबर. काही ओळींखाली पिवळी रेघ.

“ही बाई कोण आहे हो? काय बोललीय! बहुतेक घरोघरी वस्तू विकत असणार. साहेबांनी तीनदा वाचलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर तिचंच वाक्य घेतलंय, ‘मला कुठेतरी जुनी व्हायचंय’. तुमच्यापाशी लोक मोकळे होतात, हे कसब आहे तुमचं. जागा तुमचीच, असं समजा. प्रकाशनाच्या दिवशी साहेबांच्या हस्ते पत्र देऊ. फक्त एक करा, त्या बाईंना घेऊन या. साहेबांना त्यांचा सत्कार करायचाय.”

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जीभ लागते.

टोपीकाकांना सांगितलं तेव्हा ते बाकावर बसून इतके हसले की टोपी पडली.

“भिंगरे, तू स्वतःच स्वतःला सापडलीस की गं! आता एक कर. नणंदेला उभी कर. हो-हो करायला काय जातंय तिचं?”

नणंद आमच्याच खालच्या मजल्यावर राहते, घरी दप्तरं शिवते. ती लगेच तयार झाली. “सत्कार माझा? येते की! मिशा लावून यायला सांगितलंस तरी येते.” मग म्हणाली, आधी मी काय बोललेय ते तरी वाचून दाखव. मी वाचलं. मशीनवरचा तिचा पाय थांबला.

“वहिनी, हे तर तुझं आहे.”

“म्हणून तर कोणीतरी दुसरी हवी.”

“नको गं. टाळ्या पडल्या आणि मी रडले तर ते नाटक, आणि नाही रडले तर तुझं वाटोळं. तू सरळ जा आणि सांग, मीच ती. चोरी केलीस का दरोडा घातलास?”

तिचं म्हणणं मला पटलं. नऊ वर्षं लोकांची खरी उत्तरं गोळा करून माझा असा समज झाला होता की खरं उत्तर कोणालातरी हवं असतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“तुम्ही? अहो, पण तुम्ही कामगार नाही.”

“मग कोण मी?”

“तुम्ही आमच्यातल्या.”

“तुम्हाला आजारपणाची रजा आहे ना, मॅडम?”

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. वाईट बाई नाहीत त्या. हेच तर अवघड असतं. वाईट असत्या तर मी तिथेच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

“चिडू नका,” त्या म्हणाल्या. “व्याख्येत आपण अभ्यास-सहकारी धरलेले नाहीत. धरले तर फाउंडेशनच फाउंडेशनच्या अहवालात येईल. कळतंय ना? मुखपृष्ठ छापून झालंय. हा फॉर्म खोटा ठरवला तर अहवाल जातो. खरा ठरवला तर...” पुढचं त्यांनी सोडून दिलं.

खणातून त्यांनी दोन कागद काढले. एक नेमणूकपत्र. माझं नाव टाइप केलेलं, नवऱ्याच्या नावासकट, एकही चूक नाही. दुसरा कोरा.

“एवढंच लिहून द्या की ती बाई वेगळी आहे. मुलाखत तुम्ही घेतली आणि आता ती पत्ता सोडून गेलीय. म्हणजे सत्काराचाही प्रश्न मिटला.”

इथे मी दोन्ही कागद फाडले असं लिहिता आलं असतं. गोष्टींत फाडतात. पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि मी जिना चढून आले होते, आणि नाही म्हटलं असतं तर आणखी कितीतरी जिने माझी वाट बघत होते. मी लिहून दिलं. चांगली घोटीव सही आली.

प्रकाशनाला साहेबांनी माझं वाक्य वाचलं. ‘मला कुठेतरी जुनी व्हायचंय.’ वाचताना त्यांचा आवाज दाटला, आणि तो खराच दाटला, मी पहिल्या रांगेत होते. सभागृहाच्या दारावर त्यांच्याच एजन्सीचा वॉचमन उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. पत्र देताना साहेब मला म्हणाले, “अशी माणसं तुम्हाला भेटतात तरी कुठे?”

“जिन्यावर, साहेब.”

त्यांना ते फार आवडलं. शेजारच्या पाहुण्यांना त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

सोमवारी मी खुर्चीत बसले. टेबलाखाली स्टूल ओढून पाय वर ठेवला. सहा आठवडे रजा घेईन म्हटलं होतं, पण मॅडम म्हणाल्या, आधी नवा अभ्यास मार्गी लावू. त्याचं नाव ‘कामातला आनंद’. आठ अभ्यास-सहकारी बाहेर बाकावर थांबले होते. त्यांच्या पुस्तिकेत या वेळी एक नवं पान होतं, प्रत्येकाची माझ्यासमोर सही घ्यायची. ‘मी कामगार नाही. मी स्वखुशीने या अभ्यासात सहभागी आहे. मी स्वतःचा फॉर्म भरणार नाही.’ मॅडम मुद्दाम सांगून गेल्या होत्या, सही नाही तर काम नाही.

पहिले टोपीकाका आत आले. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि वाकून मुजरा केला.

“पावलो! आपलं माणूस खुर्चीत बसलं.”

“बसा काका. एवढी सही करा.”

त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. हजेरी-कारकुनाची सवय. मग परत पहिल्या ओळीवर आले.

“हे कोणी लिहिलं?”

“वरून आलंय.”

“वरून? मला तर वर आता तूच दिसतेस.”

“काका, नुसती सही आहे ती.”

“बत्तीस वर्षं लोकांच्या नावापुढे ‘कामगार’ लिहिलंय मी. बोटाला घट्टा पडला, हा बघ. आणि आता माझ्याच नावापुढे ‘नाही’ लिहू? तू केलीस सही?”

“केली.”

“मग ती साठ नंबरची कोण गं?”

हे त्यांनी हळू विचारलं. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतला टाइपिंगचा आवाज नेमका थांबला होता. काकांना सगळं ठाऊक होतं. मला फक्त मान हलवायची होती, तेवढ्यानेही त्यांचं भागलं असतं.

“होती एक बाई,” मी म्हटलं. “पत्ता सोडून गेली.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या वहीवर नीट आडवं ठेवलं.

“बरोबर,” ते म्हणाले. “गेलीच ती.”

ते उठले, टोपी घातली आणि सही न करता निघाले. साठीच्या माणसाला आता दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांच्या नावावर मी रेघ मारली. कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं, ‘स्वखुशीने सोडले’.

मग पुढचं नाव पुकारलं.