पुंजा नावाडी पुलावर उभा आहे

पंचवटीत मयूरच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवर एक खोली. दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण तिथं गोष्ट खेळायचो. गोष्ट खेळतात म्हणजे काय करतात, हे माझ्या सासूबाईंना मला आजवर समजावता आलेलं नाही. एक काल्पनिक राज्य असतं, त्यात प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि मी गेम मास्टर, म्हणजे उरलेलं सगळं जग: राजा, राक्षस, जकातनाक्यावरचा शिपाई, वारा-पाऊस. फासेही असतात, पण आमच्याकडे ते बहुतेक डबीतच राहतात, कारण आमची मंडळी तलवारीपेक्षा तोंडानं लढणारी. "लग्न झालेल्या बाईला हे शोभतं का?" सासूबाई विचारतात. मी म्हणते, या एकदा, एका राक्षसिणीची जागा रिकामीच आहे.

आमचे नियम दोनच. टेबलावर बोललं ते घडलं, शब्द मागे घेता येत नाही. आणि ज्याचं पात्र, ते त्याच्याच तोंडून बोलणार. मी जगातल्या कुणाचाही आवाज काढेन, पण तुमच्या पात्राचा नाही. हे नियम मीच केले आणि त्यांच्यापायी भल्याभल्यांशी भांडले. मयूर तर एकदा महिनाभर रुसला होता.

बाकीच्यांनी पात्रांना भारदस्त नावं दिली, अग्निकेतू काय नि वज्रसेन काय. आमच्यातल्या संघर्षनं दिलं पुंजा. पुंजा नावाडी. जादू नाही, शस्त्र नाही, हातात एक वल्हं. आम्ही पोट धरून हसलो होतो. पण गोष्ट चालायची ती त्याच्यामुळेच. कुठल्याही मोहिमेवर निघण्याआधी पुंजा घरी जाऊन म्हातारीच्या हातचं जेवणार, म्हणजे जेवणारच. ती म्हातारी कुसाबाई, आणि तिचा आवाज माझा. तिच्या शिव्या मात्र संघर्ष पुरवायचा. "असं म्हण ना ताई," तो सांगायचा, "घर आहे का धर्मशाळा?"

शेवटच्या डावात शत्रूची फौज मागे लागली होती. संघर्ष म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. पुंजा पूल धरून उभा राहतो." तिथंच आम्ही थांबलो. पुढच्या रविवारी आमच्याकडे येताना हायवेवर ट्रकनं त्याच्या गाडीला धडक दिली आणि तो जागीच गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही सगळे होतो. नंतरही रविवारी जमत राहिलो, पण गोष्ट कुणी पुढे नेईना. फौज आली म्हणावं तर पुंजा मरतो, आणि परत गेली म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. चहा प्यायचो आणि घरी जायचो. मला त्या खोलीत बसणं नकोसं झालं होतं, पण न जाणं त्याहून नकोसं वाटायचं.

अशाच एका रविवारी जिन्यात पावलं वाजली. संघर्षची आई, रोहिणीकाकू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी जय भीम केला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"संघर्ष सांगायचा, तुमच्याकडे बोललं की घडतं."

"हो काकू."

"मग मला एक बोललेलं मागे घ्यायचंय."

अपघाताच्या दिवशी संजनाला, म्हणजे संघर्षच्या बहिणीला, बघायला पाहुणे यायचे होते, आणि हा निघाला खेळायला. "मी म्हटलं, जायचं तर जा, पण परत येऊ नको घरी. काही बोलला नाही. गेला."

आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही. आणि मी म्हणाले, "शब्द मागे नाही घेता येत, काकू." सवयीनं निघून गेलं तोंडातून. त्यांचा चेहरा पडला, तसं मला माझंच थोबाड रंगवावंसं वाटलं. मी घाईघाईनं म्हणाले, "पण पुढे बोलता येतं. बसा ना."

त्या बसल्या. मी नदी सांगितली, पूल सांगितला, उतरणीची उन्हं सांगितली. वल्हं घेऊन एकटा उभा असलेला पुंजा सांगितला. "त्याची आई त्याला शोधत आलीय. कुसाबाई. ती तुम्ही."

"कशी आहे ही कुसाबाई?"

आमच्यातल्या अमोलनं हळूच नक्कल केली, "घर आहे का धर्मशाळा?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "हे माझंच आहे," म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

मग डोळे पुसून वर्गात बसतात तशा ताठ बसल्या. संघर्षच्या खुर्चीकडे पाहत म्हणाल्या, "पुंजा, मी रागात बोलले रे. झालं गेलं. चल घरी."

आणि आम्ही थांबलो. कुणाच्या पात्राला काही विचारलं की त्याच्या उत्तराची वाट बघायची, हे आमच्या अंगवळणीच पडलेलं. चौघंही त्या खुर्चीकडे बघत होतो. काकूही बघत होत्या. खाली गिरणी घरघरत होती.

"बोलत नाही," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "राग गेला नाही त्याचा."

मला ते सहन होईना. हनुवटी गळ्याशी नेऊन मी पुंजाचा तो जाडा, आळसट आवाज काढला. "राग कसला, आई. वल्हं ठेवतो आणि आलोच."

मयूरनं माझ्याकडे पाहिलं; माझाच नियम मी मोडला होता.

काकूंनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडून एखाद्या पोराची पाटी तपासावी तशा मायेनं म्हणाल्या, "आवाज जमलाय गं. पण तो मला आई म्हणायचा नाही. मम्मी म्हणायचा."

मी हनुवटी गळ्यापासून वर घेतली.

"परत म्हण, बाळा."

पुंजाचा आवाज आता माझ्यानं निघेना. मग माझ्याच आवाजात, जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "आलो, मम्मी."

"ये," काकू म्हणाल्या.