रिकामा मिक्सर

दुपारी सगळी बिल्डिंग पेंगत असताना वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला. मयुराची लेक पूर्वी झोपेत चुळबुळली. मयुराने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि छताकडे पाहिलं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत स्वयंपाकघरं एकावर एक रचलेली होती. मधल्या डक्टमधून कुणाची फोडणी, कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाची कुरबुर, सगळं सगळ्यांच्या ओट्यावर येऊन पडायचं. मिक्सरचा आवाजही काही नवा नव्हता. पण चटणी वाटताना तो आधी खडखडतो, मग जड होतो, मग दाटतो. वरचा मिक्सर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत हलका किंचाळत होता. भांड्यात काही नसल्यासारखा.

महिन्यापूर्वी तिने कानही दिला नसता. पण क्लबहाउसमध्ये दर शनिवारी एक वर्ग सुरू झाला होता, मनाच्या दुखण्यावर प्रथमोपचार शिकवणारा. पाय मुरगळला तर आपण बर्फ लावतो, पण शेजारचं माणूस आतल्या आत मोडत असेल तर काय करायचं? "आपको इलाज नहीं करना है," शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या. "देखना है, पूछना है, सुनना है, और सही जगह तक साथ जाना है. और जो सुना, वो अपने पास रखना है." नोकरी सोडून पूर्वीच्या मागे धावणाऱ्या मयुराला किती दिवसांनी कुणीतरी 'बहुत अच्छे' म्हणत होतं. ती पहिल्या खुर्चीत बसायची.

संध्याकाळी पूर्वीचं बोट धरून, वाटीत शिरा घेऊन ती वर गेली.

"मयुराताई! या ना. हे कशाला आणलंत?" दीपमालाने दार उघडलं. मूळची नागपूरची ही पोरगी लग्न होऊन दिल्लीत आलेली. नवरा सिद्धांत ऑडिटच्या नोकरीत, सतत दौऱ्यावर. घरात ती आणि सासरे. हॉलमध्ये काशीनाथबाबांचा टीव्ही मोठमोठ्याने बातम्या सांगत होता. ओट्यावर मिक्सरचं भांडं कोरडं ठणठणीत.

"दीपा, तू हल्ली बरी दिसत नाहीस," मयुरा म्हणाली. "काय होतंय?"

मग ती गप्प बसली. गप्प बसणंच सगळ्यात अवघड, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

"रडलेलं बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून लावते हो," दीपमाला भांड्याकडे बघत म्हणाली. "त्यांना वाटते, सून चटणी करते."

गेल्या दिवाळीआधी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. होतं असं, तरुण आहेस, म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले होते. तीही लागली होती, वरवर.

"कधी वाटतं का, जगूच नये?" मयुराने विचारलं. वर्गात शिकवलं होतं, हे विचारायचंच असतं, टाळायचं नसतं.

"मरावं असं नाही. सकाळी जाग येऊ नये, असं वाटते."

मयुराने समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. तिचा हात हातात घेतला. "सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील? मी टॅक्सी बोलावते. म्हणशील तर आत बसेन, म्हणशील तर बाहेर."

"कुणाला कळणार नाही ना?"

"माझ्या तोंडून? वेडी आहेस का तू!" म्हटलं, आणि मयुराने जीभच चावली.

दीपमाला डोळे पुसता पुसता हसली. "तेच तर विचारायला जायचं आहे ना, ताई."

खाली उतरताना मयुराला पायऱ्या हलक्या लागल्या. पूर्वीला कडेवर घेऊन तिने दोन गिरक्यासुद्धा घेतल्या.

शनिवारी वर्गात सराव होता. एकाने दुःखी माणूस व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. "पहले कौन?" मॅडमनी विचारलं आणि पूर्वीला आपल्या खुर्चीत बसवून मयुरा उभी राहिली. कॉलेजात असताना पुण्यात तिने नाटकं केली होती. नोकरी गेलेली एक खोटी बाई तिने मनाशी जुळवून आणली होती. पण दोन वाक्यांतच ती बाई पोकळ वाजायला लागली. मागे कुणीतरी जांभई दिली. ती जांभई मयुराच्या मनाला लागली.

"मैं खाली मिक्सर चलाती हूँ," ती एकदम म्हणाली. "ताकि ससुरजी को सुनाई न दे."

सगळ्या माना वर झाल्या. मग ती थांबलीच नाही. दिवाळी बोलली, बाळ बोलली, सकाळी जाग येऊ नये तेही बोलली. नाव तेवढं घेतलं नाही. एक आजी पदराने डोळे टिपू लागल्या. शेवटी टाळ्या पडल्या, भरभरून.

वर्ग सुटल्यावर मॅडम तिच्याजवळ आल्या. "ये कहाँ से लाईं आप?"

"बस, ऐसे ही."

मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मयुराच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण टाळ्यांची ऊब अजून अंगावर होती, आणि ती धगही तिने ऊबच समजून घेतली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत शालिनीही होती. मुंबईची, एचआरमधली, मनाने चांगली, तोंडाने सुसाट. तिचं स्वयंपाकघर दीपमालाच्या अगदी डोक्यावर होतं. रिकाम्या मिक्सरचा तो आवाज तिच्याही ओट्यावर येऊन पडत होता.

रविवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये तिघी एकत्र आल्या. पूर्वी आईचं बोट धरून. मागे फोनवर बोलणारे कुणी दोघे. शालिनीने भाजीची पिशवी धरलेला दीपमालाचा हात दाबला.

"अगं, एकटीने नको सोसत जाऊ यार. आम्ही आहोत ना सगळ्या. आणि तो मिक्सर कशाला जाळतेस? बिनधास्त रड!"

ती प्रेमाने बोलली होती, हेच वाईट होतं. मागचे दोघे फोनवर बोलायचे थांबले.

दीपमालाने शालिनीकडे पाहिलंच नाही. मयुराकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मयुराला बरं वाटलं असतं. ती नुसती पडताळून पाहत होती, की हेच ते माणूस ना.

लिफ्ट मयुराच्या मजल्यावर थांबली. पूर्वीने हात ओढला. 'नाव नाही गं घेतलं मी,' असं मयुराच्या ओठांवर आलं आणि ते किती फाटकं आहे, हे तिलाच आधी ऐकू आलं. दार बंद झालं. लिफ्ट वर गेली.

रात्री तिने केलेले फोन दीपमालाने उचलले नाहीत.

तरीही सोमवारी मयुराने टॅक्सी बोलावली. पूर्वीला कुणाकडे ठेवणार, म्हणून सोबत घेऊन वर गेली. दार काशीनाथबाबांनी उघडलं. आत टीव्ही बंद होता.

"येत नाही म्हणते," ते म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं. "मला माहीत होतं, बेटा. मिक्सर सुरू झाला की मी टीव्ही मोठा करायचो. तिला वाटायला पाहिजे ना, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. सोमवारी तुमच्यासोबत बाहेर जाते म्हणाली, त्या दिवशी ती पोटभर जेवली. म्हटलं, चला, एक माणूस तर मिळालं तिला."

मयुराला त्यांच्या चपलांच्या वर बघवेना.

"कालपासून मिक्सरही लावत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे."

"बाबा, तिला एकटीला ठेवू नका." मयुरा म्हणाली. "डॉक्टरचा नंबर पाठवते. माझ्याबरोबर नको, तुम्ही न्या. पण आजच न्या. सिद्धांतना बोलवा."

"बोलावलं. तासाभरात पोचतो. त्याच्यासोबत जाईल का, बघू." ते आत गेले आणि तिची वाटी घेऊन आले. घासूनपुसून लख्ख, वर जवसाची चटणी दाबून भरलेली. "शनिवारी केली होती तिने, तुमच्यासाठी. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणे. किती दिवसांनी मिक्सरचा भरलेला आवाज ऐकला मी. टीव्ही बंद करून ऐकला."

शनिवारी. क्लबहाउसमध्ये टाळ्या पडत होत्या तेव्हा.

"मी एकदा आत येऊ? नुसती माफी मागते."

आतून दीपमालाचा आवाज आला, थकलेला, अगदी शांत. "बाबा, दार लावा. बाहेर ऐकू जाते."

दार लागलं. हातातला फोन वाजत राहिला, खाली टॅक्सीवाला थांबला होता. मयुरा वाटी छातीशी धरून पायरीवरच बसली. पूर्वी तिच्या मांडीला टेकून उभी राहिली, बंद दाराकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, मावशीचं सिक्रेट तू सगळ्यांना सांगितलंस?"

मयुराने मान हलवली. हो.

पूर्वीने वाटीच्या काठाला बोट लावलं.

"मग आता ती कुणाला सांगणार?"