सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा चेहरा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. प्लास्टरचा, एके काळी पांढराशुभ्र आणि आता पिवळट पडलेला. माझ्यात एका माणसाचा चेहरा आहे, पण तो उलटा. नाक आत गेलेलं, गाल आत गेलेले, मिशासुद्धा आत. म्हणजे चेहऱ्याच्या नावाखाली माझ्याकडे नुसता खड्डा आहे. हसू आलं तर खुशाल हसा. माझी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते.

मुंजाजी नावाच्या मूर्तिकारानं मला घडवलं. जन्मभर त्यानं पोळ्याचे बैल आणि गणपती केले होते. मग ती नवी वर्षं आली. बाजारात एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या लागल्या, घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या आणि जिकडे तिकडे पुतळे बसू लागले. कारखान्याच्या दारात पुतळा, नव्या कॉलेजात पुतळा. मुंजाजीही माणसांचे चेहरे करायला शिकला.

तेलगावच्या बाजारात चन्नप्पा अण्णांचं किराणा दुकान होतं. गावच्या शाळेला दोन खोल्यांपुरती जागा त्यांनी आपल्या शेतातून दिली होती. ते वारले तेव्हा शाळेच्या दारात त्यांचा अर्धपुतळा बसवायचं गावानं ठरवलं. मुंजाजीकडे त्यांचा एकच फोटो होता, तोही लग्नातला. म्हणून अण्णांच्या पत्नी, बसम्माकाकू, रोज त्याच्या छपरीत येऊन बसत आणि ओल्या मातीच्या चेहऱ्यातल्या चुका काढत.

“हे हसायलेत, मुंजाजी. त्यांनी असं पटकन हसलेलं म्या कधी बघितलं न्हाई. आधी इचार करायचे, मंग हसायचे.”

मुंजाजी ओठांची कड अंगठ्यानं दाबायचा. कपाळावर त्यानं विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. महिनाभरानं काकूंनी त्या चेहऱ्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मुंजाजीला कळलं की काम झालं. त्या मातीवर प्लास्टर ओतून त्यानं मला काढलं आणि माझ्यात सिमेंट भरून पुतळा काढला. पुतळा शाळेच्या दारात गेला. लोक म्हणाले, “हुबेहूब अण्णा!” आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

मुंजाजीची रीत अशी की पुतळा निघाला की साचा फोडायचा. तो हातोडी घेऊन आलाही होता. पण तेवढ्यात अण्णांचे धाकटे भाऊ, आता दुकान चालवणारे रुद्रेश, छपरीत आले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि दारातलं ऊन जमिनीवर पडून खालून माझ्यावर येत होतं. रुद्रेश दोन पावलं सरकले आणि जागीच थिजले.

“मुंजाजी, अण्णा माझ्याकडं बघायलेत बे!”

“बघत न्हाईत, मालक. तो आतून पोकळ हाय. माणसाला चेहरा बाहेर आलेलाच ठाऊक, म्हणून डोळा खड्ड्यालाबी बाहेर काढतो. खालून उजेड आला की लईच फसतो. तुमी चालाल तिकडं तो वळल्यागत वाटतो. जवळ येऊन हात लावा, म्हंजे कळंल.”

रुद्रेशनी हात लावला नाही. त्यांना लावायचाच नव्हता. त्यांनी मला धोतरात गुंडाळून दुकानात नेलं.

तिथं गल्ल्याच्या मागं, उंचावर मला टांगलं. माझ्या रेघांवर विभूती लावली आणि खाली समई ठेवली. पुढं साखरेच्या पोत्यांची रांग लावली, म्हणजे गिऱ्हाईक सात-आठ हातांवरच थांबेल. पहिल्या दिवशी बायका किंचाळल्या. आठवड्याभरात शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली. समोरच्या दुकानात थंड पेयांचा फ्रिज आला होता आणि रुद्रेशचं गिऱ्हाईक तिकडे चाललं होतं. ते सगळं परत आलं.

मग कौल सुरू झाला. मनातलं विचारायचं, उजवं पाऊल टाकायचं आणि पोत्यांच्या कडेनं चालायचं. अण्णांची नजर मागं मागं आली तर होकार, नाही आली तर नकार. आता तुम्हीच सांगा, माझी नजर कुणाच्या मागं येणार नाही? म्हैस घेऊ का? हो. बोअर पाडू का? हो. भावाशी बोलणं टाकू का? तेही हो. खरे अण्णा पावशेर गुळासाठी विचारलं तरी “बघून सांगतो” म्हणायचे. मी मात्र येईल त्याला हो म्हणत सुटलो, आणि खरं सांगतो, मला ते गोड लागत होतं. उभ्या गावात मी एकटाच पोकळ होतो आणि लोक माझ्याच पाया पडत होते.

बसम्माकाकू सकाळी दुकान झाडायला यायच्या. झाडता झाडता त्या इकडून तिकडे जायच्या आणि मधूनच माझ्याकडे बघायच्या. एकदा पुटपुटल्या, “एवढ्यांदा तुमी जित्तेपणी बी बघितलं न्हाई माझ्याकडं.” त्यांना शंका आली होती. पण त्या पुन्हा झाडू लागल्या.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ आली. त्रिंबक आणि भिवराबाई हे जोडपं कड्याच्या साखर कारखान्याकडे तोडीला जाणार होतं. त्यांची मंगल सातवीत होती, वर्गात पहिली. सुंदरराव गुरुजी घरी जाऊन सांगून आले होते, “पोरीला आजीपाशी ठेवा. वर्ष बुडवू नका.” आजी कडूबाई सांभाळायला तयार होती. पण तान्ह्या पोराला उसाच्या फडावर कोण बघणार, हा भिवराबाईपुढचा प्रश्न होता. ती मंगलला घेऊन माझ्यापुढे आली.

“अण्णा, शाळंला जागा तुमीच दिली. तुमीच सांगा. मंगलला संगं नेऊ का?”

तिनं उजवं पाऊल टाकलं आणि ती चालू लागली. मंगल दुसऱ्या टोकाला उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती आणि भीतीनं हळूहळू मागं सरकत होती.

“आले बघ, मागं आले अण्णा!” भिवराबाई म्हणाली.

“माय, ते माझ्याकडं बघायलते,” मंगल म्हणाली. “तुझ्याकडं न्हाई.”

“गप. थोरामोठ्यांपुढं बोलू न्हाई.”

मित्रांनो, त्या क्षणी मी भिंतीवरून पडून फुटायला हवं होतं. खिळा पक्का होता आणि मी तसाच टांगलेला राहिलो. मंगल सहा महिने फडावर राहिली. तिनं भाऊ सांभाळला, भाकरी थापल्या, उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधले. चैत्र सरल्यावर टोळी परतली तेव्हा तिचा वर्ग परीक्षा देऊन पुढे गेला होता. ती पुन्हा सातवीत, आपल्याहून लहान पोरांत, मागच्या बाकावर बसली.

पुढच्या दसऱ्याला भिवराबाई पुन्हा आली. दुकानात दहाबारा माणसं होती. या वेळी मंगल मागं सरकली नाही.

“माय, औंदा उलटं इचार. ‘नेऊ का’ नगं, ‘ठेवू का’ म्हन.”

“कावून गं?”

“म्हन तर.”

भिवराबाईनं विचारलं, “अण्णा, मंगलला आजीपाशी ठेवू का?” ती चालली. माझी नजर तिच्या मागं गेली. मग मंगल म्हणाली, “आता ‘नेऊ का’ म्हन.” भिवराबाई परत चालली आणि मी परत मागं गेलो.

“दोन्हीला हो कसं?” कुणीतरी म्हणालं.

मंगल साखरेच्या पोत्यावर चढली. रुद्रेश “खाली उतर!” म्हणून ओरडले, पण तोवर तिचा हात माझ्या चेहऱ्यात मनगटापर्यंत गेला होता. बोटं माझ्या नाकात शिरली होती.

“पोकळ हाय, माय! हितं कुनीच न्हाई.”

भिवराबाईनं माझ्यात बुडालेल्या लेकीच्या हाताकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “मंग मागच्या साली हो कोन म्हनलं?” आणि उत्तर तिचं तिलाच सापडलं. “मीच म्हनले की. पोरीचं वर्ष म्याच बुडवलं, अन् नाव अण्णांचं घेतलं.” ती खाली बसली आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

माझ्याकडे पदर नव्हता. मान खाली घालावी म्हटलं तर मान नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भिवराबाई रडत होती तेव्हाही दुकानातल्या प्रत्येकाला मी त्याच्याकडेच रोखून बघतोय असं वाटत होतं.

आतून बसम्माकाकू आल्या. त्यांनी फुंकर घालून समई विझवली. “रुद्रेश, ह्यांनी जन्मात कुनाला तडकाफडकी हो म्हटलं न्हाई. मला ठावं होतं. पर मागं मागं येनारी नजर मलाबी सोडवंना.” रुद्रेश खाली मान घालून पोती सरकवत राहिले.

मुंजाजी हातोडी घेऊन आला तेव्हा मला हायसं वाटलं. काकूंनी त्याला थांबवलं. “फोडू नगा. ज्या पोरीचं वर्ष गेलं तिच्या शाळंत टांगा. लेकरांचा हात पुरंल एवढ्या खाली.”

तेव्हापासून मी इथं सातवीच्या भिंतीवर आहे. दरवर्षी गुरुजी मुलांना लांब उभं करून मी कसा फसवतो ते दाखवतात. मग एकेकाला जवळ बोलावून हात घालायला लावतात. इतक्या बोटांनी माझं नाक आता गुळगुळीत झालं आहे. मित्रांनो, तुम्हीही याल तेव्हा लांबून पाया पडू नका. जो तुमच्या मनातलंच बोलतो, त्याच्या अगदी जवळ जा आणि आत हात घालून बघा. आणि स्वतः घेतलेला निर्णय माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधू नका.

मला इथं टांगलं त्या दिवशी सकाळी गुरुजींनी हजेरी घेतली. टोळी फडावर निघून गेली होती, पण मंगल मागच्या बाकावर होती, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. तिचं नाव आलं.

“हजर, गुरुजी!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की मीही तिच्याकडे बघतोय. पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.